व्यायामाची सायकल, काही महिन्यांनंतर: मीटर बंद पडलं तरी सायकल सुटली नाही

मॅग्नेटिक लोडची, म्हणजे चुंबकाच्या ओढीने पायडल जड करणारी, घरात ठेवायची साधी सायकल आहे. तिच्या वैशिष्ट्यांची यादी सगळीकडे सापडते, ती इथे परत लिहीत नाही. काही महिने जवळजवळ रोज वापरल्यावर आणि सर्व्हिस सेंटरशी वाद घालून झाल्यावर जे कळलं, ते सांगते.

आधी तक्रार. एका संध्याकाळी मीटरवरचा वेग शून्यावर गेला. पाय फिरताहेत, चाक फिरतंय, आकडा ढिम्म. सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर सायकल न बघताच उत्तर आलं: "पूर्ण मीटर बदलावं लागेल आणि ते वॉरंटीत बसत नाही." हे पटण्यासारखं नव्हतंच. फिरणाऱ्या भागावर एक छोटा चुंबक आणि शेजारी एक सेन्सर, एवढीच या मीटरची करामत असते. चुंबक समोरून गेला की सेन्सरमधलं सर्किट क्षणभर जुळतं आणि एक फेरा मोजला जातो. स्क्रीन चालू आहे, बटणं चालताहेत, वेग तेवढा शून्य, म्हणजे संशय आधी वायरवर आणि सेन्सरवर घ्यायला हवा. हे मी फोनवर सांगितलं, लेखी कळवलं, तरी पालुपद तेच. शेवटी मीटरमागचा वायरचा जोड स्वतः काढून पाहिला. सैल झाला होता. नीट दाबून बसवल्यावर आकडे परत आले. चांगली वस्तू टाकून नवी घ्यायला लावणारी ही पद्धत मला संताप आणते.

पण मीटर बंद होतं त्या दिवसांत या सायकलबद्दलचं माझं मतच बदललं. आकडे नव्हते, तरी मी रोज सीटवर बसत होते. कारण टॅबलेटचा स्टँड.

हा स्टँड म्हणजे हँडलवरची प्लॅस्टिकची एक खाच. जाहिरातीत त्याचा उल्लेखही नाही. सुरुवातीला मला तो आवडला नव्हता, कारण टॅबलेट ठेवला की मीटर पूर्ण झाकलं जातं. आता तेच मला सगळ्यात जास्त आवडतं. मालिकेचा पुढचा भाग फक्त सायकलवरच बघायचा, सोफ्यावर नाही, असा नियम मी केला आहे. समोर मीटर दिसत असतं तेव्हा "अजून किती मिनिटं?" हा एकच प्रश्न डोक्यात असतो. ते झाकलं की प्रश्न उरतो तो "पुढे काय झालं?" हा. स्टँडची खालची कड उंच आहे, त्यामुळे जोरात पायडल मारतानाही टॅबलेट घसरत नाही. उणीव एकच, कोन बदलता येत नाही आणि मान थोडी खाली राहते. मी खाली एक जाड वही ठेवून टॅबलेट वर उचलला आहे.

याच कल्पनेवर पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 साली अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्यांना उत्कंठावर्धक ऑडिओबुकं फक्त जिममध्येच ऐकायला मिळत होती, ते सुरुवातीला इतरांपेक्षा 51 टक्के जास्त वेळा जिमला गेले. पुढे मध्ये सुट्टी आल्यावर मात्र हा परिणाम ओसरला. मलाही प्रवासाहून परतल्यावर हाच धोका जाणवतो. म्हणून आता मी भाग संपवून उतरत नाही, ऐन रंगात आलेल्या प्रसंगावर थांबवते. दुसऱ्या दिवशी पाय आपोआप सायकलकडे वळतात.

आकड्यांशिवाय जोर किती लावायचा? बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, तो मध्यम जोर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना असा व्यायाम आठवड्याला 150 ते 300 मिनिटं करायला सांगते. एका वेळी किमान 10 मिनिटं हवीतच, ही जुनी अट तिने 2020 मध्ये काढून टाकली. त्यामुळे अर्धवट सोडलेला भागही हिशेबात धरायला हरकत नाही. मीटरवरच्या कॅलरीकडे मी बघतच नाही. जे यंत्र माझं वजनही विचारत नाही, ते कॅलरी कुठून मोजणार?

बाकीचं थोडक्यात. सीट कडक आहे, जाड कव्हर घालावंच लागतं. लोड ठीक. लोड देणारा चुंबक चाकाला टेकत नसल्यामुळे घासल्याचा आवाज नाही, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण संवाद नीट ऐकू येतात. ब्रेकपॅड घासून लोड देणारी सायकल घेणार असाल, तर पॅड झिजतो आणि आवाजही करतो हे लक्षात ठेवा.

घेण्याआधी दुकानात स्वतःचा टॅबलेट स्टँडवर ठेवा, लोड वाढवा आणि दोन-तीन मिनिटं जोरात पायडल मारा. टॅबलेट हलत असेल, अक्षरं वाचता येत नसतील, तर ती सायकल घेऊ नका, मीटर कितीही झगमगीत असलं तरी. आणि वेग शून्य दिसला, तर पैसे मोजण्याआधी वायरचा जोड तपासा.