काका 'साजरी' म्हणाले तरच घ्या

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन नागपुरात आले त्याला 11 वर्षं झाली. लग्नात एका आत्तेसासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "सून साजरी हाय वो!" मला वाटलं, वाढदिवस साजरा करतात, सून कशी करतात? इकडे साजरी म्हणजे देखणी, छान. आम्ही पुणेकरांनी तो अर्थ 'दुरून डोंगर साजरे'मध्ये ठेवून दिलाय, बाकी कुठे वापरत नाही.

हे आठवलं इतवारीतल्या एका जुन्या साडीच्या दुकानात. भाचीच्या लग्नासाठी करवतकाठी हवी होती: टसरचं अंग, वेगळ्या रंगाचा काठ आणि त्यावर करवतीसारखे दात. हे दात विणायला तीन धोटे चालवावे लागतात, त्यामुळे अस्सल माल स्वस्तात मिळत नाही.

गादीवरच्या काकांनी पंधरा-वीस साड्या उलगडल्या. मी 14,000 ची राणी रंगाची धरून बसले होते. काका म्हणाले, "भारी हाय ताई, पण तुमच्यावर साजरी नाही दिसत." मग मधाच्या रंगाची, मरून काठाची एक माझ्या खांद्यावर टाकली. "आता पाहा, कशी साजरी दिसून रायली!" किंमत 7,200. म्हणजे जवळजवळ निम्मीच.

साजरी हा शब्द साजण्यातला. साजणं म्हणजे शोभणं. साजेसा त्याच घरचा. काकांच्या तोंडी म्हणूनच तो नुसत्या साडीला लागत नाही, ती कोणावर आहे त्याला लागतो. दोन तासांत दोनदाच ऐकला. बाकी साड्यांना "बरी हाय", "चालते", आणि एका मोहरी रंगाच्या साडीला नुसतीच मान हलवली. शेजारच्या गादीवरचा पोरगा मात्र पॉलिस्टरलाही साजरी म्हणत होता. तिथे बसू नका.

(घरी हा शब्द कशालाही चालतो. वांग्याची भाजी साजरी होते. माझ्या हातून लोणच्याची बरणी फुटली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "साजरं केलं माय!" ते कौतुक नव्हतं.)

गाडी लावायला जागा नाही, जिना अरुंद. फॉल-पिको गुरुवारी देतो म्हणाले, मिळालं सोमवारी. भांडायच्या तयारीनेच गेले होते. काकांनी साडी उलटी करून टाके दाखवले. फॉल मात्र साजरा लावला होता.