कर्जाचा कागद म्हणून सही घेतली, निघालं हक्कसोडपत्र

जमीन 96 लाखांना विकली गेली. माझा तिसरा हिस्सा 32 लाखांचा. मला मिळाले 11,000, तेही भाऊबीजेची ओवाळणी म्हणून, वर एक साडी.

पुणे जिल्ह्यात आमची 1 हेक्टर 20 आर. वडिलांमागे सातबारावर दोन भाऊ आणि मी, खातं सामाईक. धाकट्याचा फोन आला, "ताई, सोसायटीचं कर्ज काढतोय, तुझी संमती लागते." सामाईक खात्यावर संमती मागतातच, मग संशय कशाचा घ्यायचा? आणि सख्ख्या भावाचा कागद वकिलाला दाखवून कोण सही करतं?

पण सोसायटीच्या कर्जाचा बोजा तलाठ्याकडे ई-करारानं, म्हणजे ऑनलाइन अर्जानं, सातबारावर चढतो. आम्ही गेलो दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाकडे. कॅमेऱ्यासमोर फोटो, अंगठा. ऑपरेटरनं मान वर न करता विचारलं, "मोबदला निरंक ना?" म्हणजे हक्काच्या बदल्यात पैसे शून्य ना. भाऊ म्हणाला, "हो, निरंक." कर्जाच्या कागदात कसला आलाय मोबदला! हे दोन शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आणि पर्समध्ये आधारकार्ड शोधत बसले. अजून रात्री तेच आठवतं.

फेरफाराची, म्हणजे सातबारावरची नोंद बदलण्याची, नोटीस माहेरच्या पत्त्यावर गेली, तिथे घेणारा तोच भाऊ. हरकतीचे 15 दिवस असेच सरले. सातबारावर तुमचं नाव असलेल्या गावाचे फेरफार 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर बघत जा. सातबारा 15 रुपयांत निघतो, दर दोन-तीन महिन्यांनी काढा. माझं नाव कंसात गेलेलं, म्हणजे सातबारावरून कमी झालेलं, मला चुलतभावाकडून कळलं, तेव्हा खरेदीखतही झालं होतं.

तलाठी म्हणे, नोंद प्रमाणित झाली, प्रांतांकडे अपील करा. निबंधक कार्यालय म्हणे, आम्ही फक्त दस्त नोंदवतो. पोलिसांनी तर अर्ज अर्धवट वाचून परत सरकवला, "दिवाणी मॅटर आहे, घरात मिटवा." घरात मिटत असतं तर चौकीची पायरी कशाला चढले असते? अंगठा घेताना बाईला कागद कशाचा आहे ते समजलं का, एवढं विचारायला कुठला कायदा आड येतो? पगार कशाचा घेतात हे लोक?

दस्ताचं पहिलं पान तरी वाचा, शीर्षक तिथेच असतं. घाई करत असतील तर उठून या. दस्त रद्द करायचा दावा कळल्यापासून 3 वर्षांत लावावा लागतो, नातेवाइकांच्या बैठकांत ती घालवू नका. दावा लावलात की लिस पेंडन्सची, म्हणजे या जमिनीवर दावा चालू असल्याची, नोटीसही नोंदवा, नाहीतर घेणारा पुढे तिसऱ्याला विकून मोकळा.

मी दावा लावलाय. भाऊ गावभर सांगतोय, बहिणीनं माहेर कोर्टात नेलं. नेलंच.