एन्ट्रा कनेक्टसोबत आठ महिने: सिंक, एरर आणि विसरलेली खाती

लोकल अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतली (म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरवरच्या यूजर-नोंदवहीतली) आमची चारशेच्या आसपास खाती मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडला जोडायला एन्ट्रा कनेक्ट हे सिंकचं टूल बसवलं, त्याला आता आठ महिने झाले. इन्स्टॉलेशनबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. नवीन माणसाने एवढं लक्षात ठेवावं की पासवर्डचा बदल दर 2 मिनिटांनी वर जातो आणि बाकी सगळं 30 मिनिटांनी. आडनाव बदललेला माणूस पाचव्या मिनिटाला फोन करतो, तेव्हा हे कामी येतं.

तिसऱ्या आठवड्यात पहिला दणका बसला. नोकरी सोडून परत आलेल्या एका सहकारी बाईंचं नवीन खातं उघडलं. ते क्लाउडवर आलं, लॉगिनही झालं, पण त्यांचा ईमेल पत्ता काही खात्यावर येईना. सिंकच्या विंडोत एक्स्पोर्ट (म्हणजे क्लाउडला माहिती पाठवणं) 'सक्सेस' दाखवत होता. मी डेल्टा सिंक (फक्त बदलांचं) चालवलं, फुल सिंक चालवलं, सर्व्हर रीस्टार्ट केला (तो उपाय नव्हे, सवय). दीड दिवस गेला. शेवटी सापडलं ते असं: त्यांचं जुनं खातं आम्ही नुसतं डिसेबल करून ठेवलं होतं आणि त्याच्या प्रॉक्सी अ‍ॅड्रेसेसमध्ये, म्हणजे खात्याच्या ईमेल पत्त्यांच्या यादीत, तोच पत्ता बसला होता. पत्ता दुबार निघाला की क्लाउड तेवढाच बाजूला क्वारंटाइनमध्ये ठेवतं आणि बाकीचं खातं बनवतं. सिंकच्या लेखी काम झालेलं असतं, म्हणून तिथे एरर येत नाही; ती शोधावी लागते अ‍ॅडमिन सेंटरमध्ये. जुन्या खात्यावरून पत्ता काढला. क्लाउड अशा अडकलेल्या गोष्टी तासातासाने तपासतं, त्यामुळे पुढचं आपोआप सुटलं.

दुसरी एरर 8344, म्हणजे सिंकला लोकल डिरेक्टरीत लिहायची परवानगी नाही. ती फक्त अ‍ॅडमिन लोकांच्या खात्यांवर यायची. परवानग्यांचा इनहेरिटन्स (वरच्या फोल्डरच्या परवानग्या खात्याला आपोआप मिळणं) चालू केला की तासाभरात पुन्हा बंद! अ‍ॅडमिनसारख्या संरक्षित गटातल्या खात्यांच्या परवानग्या डिरेक्टरी स्वतःच दर 60 मिनिटांनी पूर्ववत करते. मी त्या खात्यांची रोजच्या कामाची आणि अ‍ॅडमिनची अशी फाळणी केली, मगच सुटलो.

तिसरी चूक निव्वळ माझी. आवराआवरीच्या नादात बारा खाती सिंकबाहेरच्या ओयूमध्ये (डिरेक्टरीतल्या फोल्डरमध्ये) ढकलली आणि पुढच्याच फेरीत क्लाउडवरून ती उडाली. चुकून खाती उडू नयेत म्हणून एक मर्यादा असते, पण ती मुळात 500 ची. आमच्या आकाराला तिचा काय उपयोग? खाती परत जागेवर ठेवून सिंक केलं, 30 दिवसांच्या आत असल्याने सगळी जिवंत झाली. मर्यादा आता 10 वर आणली आहे.

डिरेक्टरीतल्या चुका आधीच शोधून देणारं आयडीफिक्स हे टूल एन्ट्रा कनेक्ट बसवण्याआधीच चालवायला हवं होतं. मी सहाव्या महिन्यात चालवलं, चुकांच्या 41 ओळी निघाल्या. त्यातल्या नऊ अजून तशाच आहेत, कारण ती खाती नक्की कुणाची हे ऑफिसात कुणालाच सांगता येत नाही.