वैतरणेच्या 'बेटावर' कॅम्पिंगचं बुकिंग करताय? आधी आमच्यासोबत काय झालं ते वाचा

नाशिकहून वीकेंडला वैतरणा, भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या फॅमिलीवाल्यांनी हे जरूर वाचा, कारण आमचे पैसे गेले ते गेलेच पण त्या रात्री माझ्या आईच्या जिवावर बेतलं होतं आणि ते मला अजून विसरता येत नाहीये.

फेब्रुवारीत बायकोला एक रील आली. चारी बाजूंनी पाणी, मध्ये झाडीचं बेट, खाली लिहिलेलं 'फक्त बोटीने जाता येतं, डोंगराचा आडोसा, वारा अजिबात लागत नाही'. फोन केला तर माणूस एकदम गोड बोलला, दादा फॅमिलीच असतात आपल्याकडे, काळजीच करू नका. डोकं 1600, जाण्यायेण्याच्या बोटीसकट, आम्ही आठ जण, म्हणजे 12800, त्यातले निम्मे 6400 लगेच पाठवायचे. पाठवताना स्क्रीनवर नाव भलतंच आलं, विचारलं तर म्हणे भावाचं अकाउंट आहे. तिथेच थांबायला हवं होतं मी. बिल मागितलं नाही, पत्ता मागितला नाही, येण्याजाण्याची बोट धरलेली आहे हे सुद्धा नुसतं फोनवरच ठरलं.

होळीनंतरच्या शनिवारी निघालो. मी, बायको, दोन पोरं, आई, ताई, दाजी आणि भाची. घोटीहून आत वळलो, पोचेपर्यंत सहा वाजले. पार्किंगचे 200 वेगळे घेतले, उरलेले 6400 बोटीत बसायच्या आधीच घेतले. आठ माणसांना लाईफ जॅकेट चारच, त्यातलं लहान पोरांच्या मापाचं एकही नाही. दाजी म्हणाले दोन फेऱ्या करा, तर बोटवाला म्हणतो अंधार पडंल साहेब, बसा, काही होत नाही. वीस मिनिटं बोट चालली. तेव्हा वाटलं लांब आहे जागा.

गेल्या गेल्या त्या मॅनेजरने पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे टेकडीच्या मागं अजिबात जायचं नाही, बिबट्या आहे. आता नाशिकच्या माणसाला बिबट्या म्हटलं की विषयच संपला, आम्ही पोरांना तंबूच्या पलीकडे सोडलं नाही.

आडोसा वगैरे काही नव्हता. तंबू लावलेले उघड्या बाजूला, पाण्याकडे तोंड करून, एकाची चेन तुटलेली, खुंट्या भुसभुशीत गाळात ठोकलेल्या, त्या वाऱ्याने निघायला लागल्या. जेवण ठेवून सगळी माणसं बोटीने परत गेली, आमच्याजवळ कोणीच थांबलं नाही. शेकोटीचं लाकूड ओलं होतं, नुसता धूर, आणि आईला दमा आहे. दहाच्या सुमारास तिला धाप लागायला लागली. पंप बघितला तर पर्समधला संपत आलेला, दोनदा दाबला की खलास, नवीन गाडीतल्या बॅगेत. ही चूक आमचीच, पण गाडी पाण्याच्या पलीकडे आणि बोट त्यांच्याकडे.

रेंज एका दगडावर उभं राहिलं तरच येत होती. फोन लावला. म्हणतो, रात्रीची बोट वेगळी, 4000 पाठवा मग निघतो. मी एका शब्दाने घासाघीस केली नाही, पाठवले. अर्ध्या तासाने त्याचाच फोन, वारा वाढलाय, आता नाही निघता येणार, उजाडल्यावर येतो. त्यानंतर फोन बंद. वारा होता हे खरं आहे, वाऱ्यात बोट काढू नये हे पण खरं, पण मग पैसे कशाचे घेतले?

आई रात्रभर ताईच्या खांद्याला टेकून बसली होती. झोपवलं की श्वास अडकायचा. ताई पाठ चोळत होती, बायको शेकोटीवर पाणी गरम करून देत होती, आणि मी दर पाच मिनिटांनी त्या दगडावर जाऊन फोन लावत होतो. आईच्या छातीतली ती शिट्टीसारखी घरघर वाऱ्यातही ऐकू येत होती.

साडेसहाला टेकडीच्या मागून घंटेचा आवाज आला. आणि मागोमाग म्हशी. सात-आठ म्हशी, मागं एक म्हातारे बाबा, पायात चप्पल, कोरडे ठणठणीत. मला आधी कळेचना हे आले कुठून. विचारलं तर बाबा म्हणाले, "बेट कुठलं भाऊ, पाणी उतरलं का ह्ये टेकाडच. शिमग्याच्या आधीपासून वाट उघडी हाय." मागून चालत गाड्यांपर्यंत किती वेळ? तर म्हणे, "पाव घंटा."

पाव तास. रात्रभर आई तडफडत होती आणि पंप पाव तासावर होता, नुसता टॉर्च घेऊन गेलो असतो तरी आणता आला असता. बोट वीस मिनिटं कशी लागली ते तेव्हा कळलं, पूर्ण टेकडीला वळसा मारून आणलं होतं. दाजी पळतच गेले, पंप घेऊन आले. बाबांनी आईला स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं, एक रुपया घेतला नाही. बोटवाला आठला उगवला तेव्हा आम्ही गाडीत बसलेलो. पैशाचं विचारलं तर म्हणे मालकाशी बोला, आणि मालकाने नंबर ब्लॉक केलेला.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. हे धरणाचं पाणी आहे, पावसाळ्यानंतर जे बेट दिसतं ते उन्हाळ्याकडे जमिनीला जोडलं जाऊ शकतं. अप्पर वैतरणेचं पाणी मुंबईला जातं, त्यामुळे मुंबई महापालिका रोज पातळी जाहीर करते, धरण भरलं की 603.51 मीटर, त्याच्याशी आजचा आकडा ताडून बघा म्हणजे पाणी किती उतरलंय ते कळतं. गुगल अर्थवर जुने सॅटेलाईट फोटो पण दिसतात, वेगवेगळ्या महिन्यांचे लावून बघा. रात्री बोट आणि माणूस तिथेच मुक्कामी थांबणार का, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, नुसतं फोनवर नको. जॅकेट मोजूनच बोटीत पाय टाका, आणि औषधं सगळी अंगाजवळ ठेवा.

मी 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकली आहे, स्क्रीनशॉट जोडलेत. तिथे नाही झालं तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथेच केस टाकता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. दाजी म्हणतात सोडून दे. मी सोडणार नाहीये.

आईची तब्येत आता ठीक आहे. काल बायकोला परत तीच रील दिसली, फोटो तोच, भरलेल्या धरणाचा, आणि खाली एप्रिलच्या तारखा टाकल्यात.