पहिली गाडी: जुनी मॅन्युअल की नवी ऑटोमॅटिक?

परवाना मिळालाय, गाडी घ्यायचीय आणि ती चांगली चालवताही यायला हवी, अशांसाठी हे लिहितोय. माझी पहिली गाडी जुनी, हलकी, मॅन्युअल होती. ना पॉवर स्टिअरिंग, ना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा). आताची ऑटोमॅटिक आहे, तिच्यात हे सगळं आहे. मधली मॅन्युअल पण एबीएसवाली होती, तिच्याकडे शेवटी येतो.

हात आणि कान तयार केले ते जुन्या गाडीने. आरपीएमचा, म्हणजे इंजिन किती वेगाने फिरतंय ते दाखवणारा, काटाच नव्हता, त्यामुळे इंजिन कण्हायला लागलं की गिअर खाली, किंचाळायला लागलं की वर. स्टिअरिंग जड, पण टायरची पकड थेट तळहाताला कळायची. ओल्या वळणावर ते एकदम हलकं लागलं, म्हणजे पुढची चाकं घसरू लागली. अशा वेळी आणखी वळवून काही होत नाही. अ‍ॅक्सिलरेटर हळूच सोडायचा, स्टिअरिंग जरासं सरळ करायचं, पकड परत येते. पॉवर स्टिअरिंगच्या, विशेषतः इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या बऱ्याच गाड्यांत ही खबर हातापर्यंत फार पुसट पोचते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र जुन्या गाडीचे गोडवे मी गाणार नाही. एबीएस नसेल तर करकचून ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होतात. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. चाक जाम होण्याच्या किंचित अलीकडे पाय थोपवणं जमतं खरं, पण समोर अचानक कोणी आलं की भल्याभल्यांचा पाय तळाला जातो. आजच्या धर्तीचं एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लासमध्ये आलं, ईएससी (घसरू लागलेली गाडी सावरणारी यंत्रणा) १९९५ मध्ये. ईएससी गरजेनुसार एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावते. आपल्या पायाखाली ब्रेकचं पेडल एकच, त्यामुळे कितीही पट्टीचा ड्रायव्हर असला तरी हे त्याच्या हातचं नाही.

ऑटोमॅटिकमध्ये गिअर-क्लचची कटकट नाही, म्हणून नजर लांब ठेवायला सवड मिळते. पण शांत गाडीत वेग जाणवत नाही. ताशी ९० ला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर म्हणजे ५० मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर साधारण चौपट होतं. लांब उतारावर तर ब्रेकवर पाय ठेवूनच उतरणारे पुष्कळ. ब्रेक तापले की पकड कमी होते. मॅन्युअल मोड किंवा एल (खालचा गिअर) असेल तर तो अशाच वेळी वापरायचा, म्हणजे इंजिनच गाडीला रोखून धरतं.

माझं मत मधल्या गाडीला: हलकी, सेकंडहँड, मॅन्युअल, पण एबीएस आणि ईएससी असलेली. रोज तुंबलेल्या रस्त्यातूनच जायचं असेल किंवा गुडघा कुरकुरत असेल तर खुशाल ऑटोमॅटिक घ्या. कोणतीही घेतलीत तरी एकदा मोकळ्या मैदानात जोरात ब्रेक दाबून बघा. एबीएस लागलं की पेडल पायाखाली थरथरतं आणि नवखा माणूस दचकून पाय उचलतो. उचलायचा नाही, दाबूनच ठेवायचा.

आणि सेकंडहँड घेताना रंगाआधी टायर बघा. टायरच्या कडेला डीओटी कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. टायर जुने निघाले तर नव्या चारांची किंमत सौद्यातच वळती करून घ्या.