की खरी, सीडी दुसरी: परभणीतल्या भाईंच्या कॉम्प्युटर दुकानाविषयी

परभणीत आमचं छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांती, बारसं, निवडणुका आल्या की हँडबिलं. मशीन आमचे हे बघतात, डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर मांडायचं काम, माझ्याकडे. त्यामुळं कॉम्प्युटर बसला की आमचं दुकानच बसतं. गांधी पार्काच्या मागच्या गल्लीत ज्यांच्याकडं मी २०१७ पासून जाते, त्या भाईंच्या दुकानाबद्दल लिहायचं कधीचं डोक्यात होतं. पाटीवर नुसतं 'कॉम्प्युटर रिपेअर' लिहिलंय. गल्लीत कुणालाही भाईंचं दुकान विचारा, दाखवतात.

पहिल्यांदा गेले ते अगदी रडकुंडीला येऊन. एप्रिल महिना, लग्नसराई ऐन भरात, अक्षय्य तृतीया तोंडावर. आमचा जुना असेंबल केलेला पीसी, त्याच्यावर विंडोज एक्सपी होम. पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आणि श्री-लिपी (मराठी टायपिंगचं) त्याच्यावरच, आणि श्री-लिपीचं लॉक (हे खोचल्याशिवाय श्री-लिपी चालत नाही) मागच्या प्रिंटरच्या पोर्टात खोचलेलं. नव्या कॉम्प्युटरला तसलं पोर्टच नव्हतं, म्हणून तो पीसी सोडता येईना. त्याची हार्ड डिस्क गेली. डेटा दुसरीकडं होता, पण विंडोज परत टाकायचं म्हटलं तर मूळ सीडी घर बदलताना हरवलेली. कॅबिनेटच्या बाजूला स्टिकर तेवढा होता, पंचवीस अक्षरांच्या 'की'सकट, म्हणजे विंडोज टाकताना मागतात त्या परवाना-क्रमांकासकट.

आधी ज्यांना बोलावलं (नाव घेत नाही) त्यांनी त्यांच्याजवळची सीडी टाकली. अर्ध्या वाटेवर की मागितली, स्टिकरवरची टाकली, नाकारली. ते म्हणाले, "की जुनी झाली, एक्स्पायर झाली." मग ३०० रुपये घेऊन कसलीतरी दुसरी की टाकून विंडोज चालू करून दिलं. दोन आठवडे चाललं. मग एका संध्याकाळी पत्रिकेचं प्रूफ वाचत मुलीकडची माणसं समोर बसलेली असताना पडद्यावर खोक्यातून सूचना आली, की ही विंडोजची प्रत अस्सल नाही. मुलीचे वडील वाचत होते. आपण काहीतरी चोरून आणलंय असं त्यांना वाटलं असेल, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही. पैसे मोजून घेतलेला कॉम्प्युटर, अस्सल स्टिकर लावलेला, आणि वर हे!

भाईंनी पीसी टेबलावर आडवा ठेवला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि आधी स्टिकर वाचला. विंडोज टाकायची घाई केली नाही, ही त्यांची मला पहिल्या दिवशी आवडलेली गोष्ट. म्हणाले, "ताई, की खोटी न्हाई. सीडी दुसरी हाय."

मग त्यांनी दाखवलं ते मी तेव्हापासून दहा जणांना तरी सांगितलंय. एक्सपीच्या सीड्या दिसायला सारख्या, पण आतून वेगळ्या. होम वेगळी, प्रोफेशनल वेगळी, हे तर आहेच. त्याशिवाय दुकानातून डब्यात विकत मिळणारी रिटेल सीडी वेगळी, नव्या कॉम्प्युटरबरोबर येणारी ओईएम वेगळी, आणि मोठ्या कंपन्यांना, कॉलेजांना मिळणारी व्हॉल्यूमची वेगळी. एका जातीची की दुसऱ्या जातीच्या सीडीला लागत नाही. त्या आधीच्या मिस्त्रींनी प्रोफेशनलची व्हॉल्यूम सीडी टाकली होती. आमचा स्टिकर होमचा, ओईएम. कसं जुळणार?

मी भाच्याकडून आणखी एक सीडी आणली होती, ती होमचीच होती. वाटलं, ही तरी चालेल. भाईंनी ती आपल्या कॉम्प्युटरला घातली, 'आय ३८६' नावाचं फोल्डर उघडलं, त्यातली 'सेटअपपी' नावाची एवढीशी फाइल नोटपॅडमध्ये उघडली. त्यात 'पिड' म्हणून एक ओळ. तिची शेवटची तीन अक्षरं बघायची. ओईएम असं लिहिलं तर ओईएम, २७० असेल तर व्हॉल्यूम, ३३५ असेल तर रिटेल. माझ्या सीडीवर ३३५. म्हणजे हीसुद्धा नाही. एका मिनिटाचं काम होतं. आधीच्यांनी हे एक मिनिट काढलं असतं तर माझ्यावर ती संध्याकाळ आली नसती.

भाईंच्या कपाटात सीड्यांचं पाकीट आहे, चेन लावायचं, जुन्या गाण्यांच्या सीड्या ठेवायचो तसलं. प्रत्येक कप्प्यावर मार्करनं लिहिलंय: कोणतं विंडोज, कोणती आवृत्ती, ओईएम की रिटेल, सर्व्हिस पॅक (सुधारणांचा संच) कितवा. त्यातून होमची ओईएम सीडी निघाली.

तरी की लागेना. आता अडचण स्टिकरची होती. आमच्या दुकानाला पत्रे आहेत आणि परभणीचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. त्यात पीसी भिंतीला घासून घासून तिसऱ्या गटातली दोन अक्षरं पार पुसट झालेली. मी एक ५ वाचत होते आणि एक शून्य. भाईंनी काउंटरच्या काचेखालचा कागद दाखवला. त्याच्यावर चोवीस अक्षरं: बी, सी, डी, एफ, जी, एच, जे, के, एम, पी, क्यू, आर, टी, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय आणि २, ३, ४, ६, ७, ८, ९. एक्सपीच्या कीमध्ये एवढीच येतात. ए-ई-आय-ओ-यू नाहीत. एल, एन, एस, झेड नाहीत. शून्य, १ आणि ५ पण नाहीत, म्हणजे वाचताना घोटाळा होऊ नये. मग माझा ५ हा ६ असणार, आणि शून्य म्हणजे डी नाहीतर क्यू. भिंग लावून बघितलं तर खाली बारीक शेपटी दिसली. क्यू. लागली की!

त्या पीसीला नेटचा ड्रायव्हर (नेट चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) अजून टाकायचा होता म्हणून ॲक्टिव्हेशन, म्हणजे की खरी असल्याची मायक्रोसॉफ्टकडून खात्री, फोनवरून केलं. पडद्यावर सहा-सहा आकड्यांचे नऊ गट, म्हणजे ५४ आकडे. ते मी वाचत गेले, भाई फोनवर दाबत गेले. तिकडून ४२ आकडे मिळाले, ते भाई बोलले आणि मी टाइप केले. एक चुकला होता, परत केलं. सगळं मिळून त्यांनी ५०० रुपये घेतले. मी ८०० देत होते, घेतले नाहीत.

पुढं विंडोज ७ चा ब्रँडेड पीसी गेला तेव्हा पुन्हा गेले. या वेळी मी घरीच की वाचणारं एक सॉफ्टवेअर चालवून बघितलं होतं आणि घाबरले होते, कारण त्यात दिसणारी की आणि स्टिकरवरची की वेगळी होती. वाटलं, फसवलं आपल्याला. भाईंनी समजावलं, की विंडोज ७ च्या वेळी मोठ्या कंपन्या कारखान्यात सगळ्या मशीनला एकच की टाकायच्या. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या कायमच्या चिपमध्ये, कंपनीची खूण असते, विंडोज ती खूण बघून आपोआप ॲक्टिव्हेट होतं. स्टिकरवरची की वेळ पडली तर वापरायची. त्यांनी त्याच कंपनीची डीव्हीडी टाकली आणि खरंच, कीच मागितली नाही, नेटही नको. हे मी डोळ्यांनी बघितलं.

त्यांनी ३२ बिटचंच विंडोज ठेवलं, कारण आमच्या लग्नपत्रिकेच्या प्रिंटरचा ड्रायव्हर ३२ बिटचाच आहे. की एकच, ३२ आणि ६४ बिट दोन्हीला चालते, पण ड्रायव्हर चालत नाही. हे विचारून करणारे कमी. आणि नेटची वायर काढायला लावली. १४ जानेवारी २०२० पासून विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट बंद झालेत, आणि आमच्याकडं रोज गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात, त्यामुळं व्हायरसची भीती आधीच आहे.

मुलीच्या लॅपटॉपला तर स्टिकरवर की छापलेलीच नाही. विंडोज ८ पासून ती बायोसमध्येच असते, म्हणून तिथं भाईंचं काम दहा मिनिटांत झालं.

एकदा त्यांनी मला सरळ नाही म्हटलं. मदरबोर्ड जळालेल्या पीसीचा ओईएम स्टिकर मी दुसऱ्या असेंबल पीसीला लावू का, विचारलं. म्हणाले, "त्या मशीनसंगं ते लायसन संपलं, ताई. नवं घ्या." वाईट वाटलं, पण मी नवं घेतलं.

तक्रारी आहेत. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, तर मागून घ्या. फोनवर काही सांगत नाहीत. दहावी-बारावीच्या निकालानंतर दुकानात फॉर्म भरणाऱ्या पोरांची एवढी गर्दी, की तुमचं मशीन दोन-दोन दिवस तसंच पडून राहतं. आणि गिऱ्हाइकांच्या कीचं रजिस्टर ते काउंटरवर उघडं ठेवतात. मी दोनदा बोलले. आता ड्रॉवरमध्ये ठेवतात, कुलूप अजून लावत नाहीत.

जाताना जवळच्या सगळ्या सीड्या न्या, चुकीच्या वाटल्या तरी. स्टिकरचा फोटो आजच काढून ठेवा, तिरका नको, समोरून. सकाळी अकराच्या आत गेलात तर भाई निवांत भेटतात. शुक्रवारी दुपारी एक ते तीन दुकान बंद असतं.