ॲल्युमिनियमला स्टेनलेस जोडायचं तर कोणता मार्ग घ्यावा?

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये ॲल्युमिनियम-स्टेनलेस जोडाची ऑर्डर आली की पहिला विचार टिगचा, म्हणजे विजेच्या आर्कने धातू वितळवून जोडण्याचा होतो. तो सोडून द्या. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला १४०० अंश लागतात. दोन्ही एकत्र वितळले की लोह-ॲल्युमिनियमची काचेसारखी ठिसूळ संयुगं तयार होतात आणि वेल्ड थंड होता होताच तडकतो.

उरतात चार मार्ग. जोडाची ताकद किती, हे सगळे आधी विचारतात. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात: जोडाचा आकार कसा आहे आणि नग किती करायचे आहेत.

लांब, सरळ जोड आणि सारखेच शेकडो नग असतील तर फ्रिक्शन स्टर वेल्डिंग, म्हणजे एफएसडब्ल्यू. केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय संस्थेत १९९१ साली हे तंत्र निघालं. फिरत्या टूलच्या टोकाची पिन धातूत घुसते आणि टूल पुढे सरकतं. ॲल्युमिनियम वितळत नाही, मऊ होऊन घुसळलं जातं. स्टेनलेसबरोबर खरी कसोटी पिनच्या जागेची. बट जोडात, म्हणजे कडेला कड लावलेल्या जोडात, पिन जवळजवळ सगळी ॲल्युमिनियममध्ये ठेवतात, स्टीलच्या कडेला ती जेमतेम घासते. लॅप जोडात, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पत्र्यांत, ॲल्युमिनियम वर, स्टेनलेस खाली, आणि पिनचं टोक खालच्या पत्र्याला नुसतं खरवडतं. त्या खरवडण्याने ऑक्साइड निघतो आणि दोन्ही धातू थेट भिडतात. पिन जास्त घुसली तर टूल झिजतं आणि स्टीलचे तुकडे ॲल्युमिनियममध्ये मिसळतात. म्हणून टूल टंगस्टन कार्बाइडचं घ्या, साधं हॉट-डाय स्टील इथे पुरत नाही.

ठिसूळ संयुगांचा थर इथेही बनतो, पण काही मायक्रॉनांच्या आत राहिला तर जोड टिकतो. आरपीएम फार वाढवला किंवा फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) फार कमी केला की उष्णता वाढते आणि थर जाड होतो. होंडाने २०१३च्या अकॉर्डच्या पुढच्या सबफ्रेममध्ये स्टील आणि ॲल्युमिनियम याच तंत्राने जोडलं, म्हणजे मोठ्या उत्पादनात ते चालतं. पण ते स्टेनलेस नव्हतं, आणि नगही गाडीच्या कारखान्याचे होते. दहा-वीस नगांसाठी फिक्स्चर, बॅकिंग प्लेट आणि ट्रायलचा खर्च निघत नाही. रोजच्या व्हीएमसीवरही (उभ्या स्पिंडलच्या मिलिंग मशीनवर) हा प्रयोग करू नका. खालच्या दिशेचा दाब स्पिंडलची बेअरिंग सोसत नाहीत.

रॉड किंवा पाइप असेल तर एफएसडब्ल्यूचा विचारच नको. रोटरी फ्रिक्शन वेल्डिंगमध्ये एक तुकडा फिरवून दुसऱ्यावर दाबतात, काम काही सेकंदांचं. बाहेर आलेली कडा लेथवर काढून टाकायची.

जाड प्लेट, कमी नग आणि मोठा भार असेल तर स्फोटाने जोडलेली तयार पट्टी विकत घ्या. तिची एक बाजू ॲल्युमिनियम, दुसरी स्टील, त्यामुळे दोन्हीकडे नेहमीचंच वेल्डिंग. जहाजांच्या स्टीलच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा वरचा भाग असाच चढवतात. वेल्ड करताना दोन धातूंची सीमा सुमारे ३०० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, तरी ही पट्टी स्वतः बनवण्याच्या फंदात पडू नका.

बाकी बहुतेक कामांना नटबोल्ट पुरतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. उघडता येतात, तपासता येतात. मात्र पावसाळ्यात पाणी साचलं की स्टेनलेसशेजारचं ॲल्युमिनियम गंजून खाल्लं जातं. मध्ये नायलॉन वॉशर, बोल्टवर स्लीव्ह आणि कडेला सीलंट हवंच. स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्यात ॲल्युमिनियमचे रिव्हेट तर कधीच नकोत. नागपूरच्या उन्हाचाही हिशेब धरा: ५० अंशांच्या फरकाला मीटरभर लांबीत ॲल्युमिनियम ३०४पेक्षा सुमारे ०.३ मिलिमीटर जास्त वाढतं. बोल्टला लांबट भोक दिलं की भागतं, सलग वेल्डला तो ताण कायम सोसावा लागतो.

एफएसडब्ल्यूच ठरवलं तर जॉबवर्कवाल्याकडून आधी नमुना पट्ट्या मागा आणि छिन्नीने सोलून पाहा. स्टेनलेसवर फाटलेलं ॲल्युमिनियम चिकटून राहिलं तर जोड चांगला. पत्रा स्वच्छ, करडा निघाला तर पॅरामीटर बदला. ठिसूळ थराची जाडी सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. त्यासाठी नागपूरजवळ वाडीतल्या जेएनएआरडीडीसी या ॲल्युमिनियम संशोधन केंद्रात किंवा नागपूरच्या व्हीएनआयटी अभियांत्रिकी संस्थेच्या धातुशास्त्र विभागात विचारा, आणि तो रिपोर्ट हातात येईपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका.